किनाऱ्यावरची पार्टी : आधी पाणी ओळखा

परीक्षा संपली की मालवण, तारकर्ली, देवबागकडे कॉलेजच्या पोरापोरींचे बेत ठरू लागतात. कोंबडी-वडे, सोलकढी आणि जिवाभावाचे मित्र असले की रात्र रंगायला आणखी काही लागत नाही. पण समुद्राला गृहीत धरू नका. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले 8 जण बुडाले. म्हणून पाण्यात उतरायचं ते उजेडात, स्थानिकांना विचारूनच. अंधारात किंवा प्यायल्यावर कुणीही उतरणार नाही, हे निमंत्रणातच सांगा. पाण्याने आत खेचलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात हलवून मदत मागा, ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर पोहा. बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका. दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि 112 लावा. रुग्णवाहिकेसाठी 108.

पार्टीत दारू असेल तर कायदाही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21, कडक दारूसाठी 25. परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं हा गुन्हा आहे. उघड्यावरचा स्पीकर रात्री 10 ला बंद. दारू जास्त झालेल्या मित्राला एकटं सोडू नका. कुशीवर वळवा आणि शेजारी कुणीतरी जागं राहू द्या. तो हलवूनही उठेना, तर सकाळची वाट न बघता 108 लावा.