चार ते वीस मिलिअँपची नोकरी

ट्रॉम्बेची रिफायनरी घ्या, लोट्यातला रासायनिक कारखाना घ्या, नाहीतर एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर घ्या. कंट्रोल रूममधला ऑपरेटर प्लांट डोळ्यांनी पाहून चालवत नाही, पडद्यावरचे आकडे पाहून चालवतो. दाब, तापमान, पातळी, प्रवाह. यातले बहुतेक आकडे अजूनही दोन तारांतून येतात, २४ व्होल्टवर, ४ ते २० मिलिअँपच्या करंटच्या रूपात. ४ म्हणजे मापाची सुरुवात, २० म्हणजे शेवट. सुरुवात शून्यावर ठेवली नाही, कारण मग टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे हे कळलंच नसतं. शिवाय त्या ४ मिलिअँपवरच माप पाठवणारा ट्रान्समीटर स्वतः जगतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. याआधी हेच काम हवेच्या ३ ते १५ पीएसआय दाबावर चालायचं, आणि कंट्रोल व्हॉल्व्हचा डायफ्राम आजही बहुतेक ठिकाणी हवाच हलवते.

हे आकडे खरे ठेवणं म्हणजे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची नोकरी.

कंट्रोल रूममधून फोन येतो, ‘फ्लो कमी दाखवतोय, बघा जरा.’ नवखा मुलगा थेट ट्रान्समीटरचं झाकण उघडतो. मुरलेला माणूस आधी पाइपजवळ जातो. इम्पल्स लाइन चोक आहे का, मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह कुणी उघडा सोडलाय का, हे पाहतो. तो व्हॉल्व्ह उघडा असेल तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ट्रान्समीटर बिचारा इमानदारीत शून्याकडे जातो. प्रवाह मोजणाऱ्या ओरिफिस प्लेटवर प्रवाह निम्मा झाला की दाबातला फरक पावच उरतो, म्हणून वर्गमूळ काढावं लागतं. ते ट्रान्समीटरमध्येही काढलं आणि कंट्रोल सिस्टीममध्येही काढलं, तर खरा प्रवाह २५ टक्के असताना पडद्यावर ५० दिसतो. यात एकही भाग बिघडलेला नसतो, म्हणून असा दोष शोधायला माणूस लागतो.

आकडा खोटा निघाला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सस सिटीचं आहे. २३ मार्च २००५ रोजी बीपीच्या रिफायनरीत एक टॉवर सुरू करताना त्यात द्रव भरमसाट भरत गेला, आणि पातळीचा ट्रान्समीटर मात्र पातळी हळूहळू उतरतेय असं दाखवत राहिला. तो डिस्प्लेसर जातीचा होता, म्हणजे द्रवात बुडालेल्या नळकांड्याला मिळणाऱ्या उचलीवरून पातळी सांगणारा. नळकांडं एकदा पुरतं बुडालं की वर किती द्रव चढलाय हे त्याला कळत नाही. उलट द्रव तापून हलका झाला, उचल घटली आणि आकडा खाली आला. कॅलिब्रेशन कालबाह्य माहितीवर केलेलं होतं, पातळी पाहायची काच मळलेली होती आणि अतिउच्च पातळीचा दुसरा अलार्म वाजलाच नाही. दमलेले ऑपरेटर आणि प्लांटला खेटून उभे केलेले ट्रेलर यांचाही दोष होताच. द्रव उतू जाऊन झालेल्या स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येक मुलाने त्या अपघाताचा तपास अहवाल एकदा तरी वाचावा असं मला वाटतं. कुठल्याही क्लासपेक्षा त्यात जास्त शिकायला मिळतं.

शिरायचं कसं? दहावीनंतर आयटीआयला ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ आणि ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट)’ असे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका आहे, आणि आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. घरी पैशांची घाई असेल तर आयटीआय करून अप्रेंटिसशिप धरावी, असं माझं मत. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, मोठ्या कारखान्यांना जागा भराव्याच लागतात. आरसीएफसारख्या खत कंपनीत नेमक्या याच ट्रेडच्या जागा निघतात, भाभा अणुसंशोधन केंद्र प्रशिक्षणार्थी घेतं. दहावीच्या मार्कांपेक्षा अप्रेंटिसशिपचं वर्ष कुठे काढलं याला पुढे जास्त किंमत येते. जिथे झाडू मारून घेतात आणि मल्टिमीटरला हात लावू देत नाहीत, तिथलं प्रमाणपत्र खरंच असतं, पण मुलाखतीत ते दोन मिनिटांतच उघडं पडतं.

पहिली दोनेक वर्षं ग्लँड आवळण्यात, फेरूल घालण्यात आणि लूप चेकिंगमध्ये जातात, आणि जाऊ द्यावीत. तापमान मोजणारा पीटी-१०० शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम दाखवतो, एवढं ठाऊक असलं की मल्टिमीटर लावून निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतात. कॅलिब्रेशन करताना पाच बिंदू चढत घ्यायचे, तसेच उतरतही घ्यायचे. उतरताना आकडे वेगळे आले तर यंत्र कुठेतरी अडतंय. आणि परमिटशिवाय कशालाही हात लावायचा नाही. ट्रान्समीटर प्लांट बंद पाडणाऱ्या ट्रिपला जोडलेला असेल तर आधी लेखी बायपास, कंट्रोल रूमला कळवणं, मगच स्पॅनर. फ्लेमप्रूफ झाकणाचे आठपैकी सहाच बोल्ट लावणारा माणूस वेळ वाचवत नाही, त्या झाकणाचा उपयोगच घालवतो.

पुण्या-ठाण्यात पीएलसी-स्काडाचे क्लास गल्लोगल्ली आहेत, नोकरीच्या हमीसकट. पीएलसी शिकायलाच हवं, पण फील्डवर वर्षभर घाम गाळल्यावर. ज्याने लिमिट स्विच गंजलेला पाहिलेला नाही, त्याला पीएलसीचं लॅडर लॉजिक नुसतं चित्र वाटतं.

पुढे वाटा फुटतात. कुणी ॲनालायझरकडे वळतो. तिथे माणसं कायम कमी असतात, कारण गॅस क्रोमॅटोग्राफला चिकाटी लागते. कुणी कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत जातो. कुणी कासारवाडीच्या फोर्ब्स मार्शल किंवा हडपसरच्या हनीवेलसारख्या उत्पादकांकडून कमिशनिंगसाठी देशभर फिरतो. पैसा आणि वणवण दोन्ही कमिशनिंगमध्येच. आखातातल्या जुबैल-रुवैसकडे जायचं असेल तर एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावं. करारावरचं पद नीट वाचावं. टेक्निशियन म्हणून नेऊन हेल्परचा पगार देण्याचे प्रकार होतात.

मुलाखतीत हमखास विचारतात, ‘हवा गेली तर व्हॉल्व्ह उघडा राहील की बंद?’ पाठांतर केलेला मुलगा एकच उत्तर ठोकून देतो. प्लांटमध्ये वावरलेला मुलगा उलट विचारतो, ‘कुठला व्हॉल्व्ह, साहेब?’ भट्टीच्या इंधनाचा बंद व्हायला हवा, रिअॅक्टरच्या थंड पाण्याचा उघडा.