‘फॉरमॅट मारा’ ते ‘केबल काढा’

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कचेरीत संगणक अडला, की निदान आणि उपचार एकाच वाक्यात उरकत: ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल.’ दुरुस्तीवाला फ्लॉप्यांचा डबा घेऊन येई, हार्ड डिस्क पुसून डॉस पुन्हा चढवी आणि हिशेबनीस बिचारा महिनाभराच्या नोंदी वहीतून परत भरत बसे. खरा हिशेब वहीतच असे, संगणक मागाहून आलेला. त्यामुळे व्हायरसने वेळ जाई, धंदा जात नसे. पुढच्या तीस वर्षांत हल्लेखोर हुशार झाले हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण वही फेकून दिली.

त्या जुन्या व्हायरसांत एक भाबडेपणाही होता. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’मध्ये त्यांचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं होतं! तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे आणि फ्लॉपी जाईल तिथे जाई. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मॉरिस वर्मने फ्लॉपीचीही गरज ठेवली नाही. व्हायरसला पसरायला कुणीतरी फाइल उघडावी लागते किंवा फ्लॉपी घालावी लागते. वर्म नेटवर्कवरून आपला आपण फिरतो. आपल्याकडे नेटवर्क फारसं नव्हतंच, फ्लॉप्या मात्र हातोहात फिरत. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. दुकानात येणाऱ्या यंत्रांना सारखा व्हायरसच लागलेला दिसे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. ‘क्विक हील’ उभं राहिलं ते या दुकानातून.

खंडणीची कल्पनाही त्याच काळातली. १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकी संशोधकाने एड्सची माहिती देणाऱ्या हजारो फ्लॉप्या टपालाने पाठवल्या. वरून उपयोगी प्रोग्राम, आत भलतंच, म्हणजे ट्रोजन. संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फाइलींची नावं कूटबद्ध होत आणि पडद्यावर मागणी येई: १८९ डॉलर पनामातल्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. कल्पना चालली, वसुली फसली. पोस्ट बॉक्स म्हटला की पत्ता आला आणि पत्त्यावर पोलीस. ही अडचण २००९ नंतर बिटकॉइनने सोडवली आणि २०१३ च्या क्रिप्टोलॉकरपासून रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, हा रीतसर धंदाच झाला.

मधल्या काळात, ४ मे २००० रोजी, प्रेमपत्राचं सोंग घेतलेला ‘आय लव्ह यू’ वर्म ई-मेलमधून जगभर पसरला. फिलिपिन्समधला संशयित सापडला, पण त्याला लागू होईल असा कायदाच तिथे नव्हता, म्हणून तो सुटला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला.

महाराष्ट्राला खरा दणका बसला २०१७ साली, तोही दुसऱ्याच्या, म्हणजे रशिया-युक्रेनच्या भांडणात. मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले होते. त्याने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ‘नंतर करू’ म्हणणारे सापडले. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो घुसला, म्हणजे नियमाने अपडेट करणारेच यात अडकले. मागणी खंडणीची दिसत होती, पण पैसे भरले तरी फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. रॅन्समवेअरचा मुखवटा घातलेला हा वायपर, निव्वळ पुसून टाकणारा. युक्रेनमध्ये कचेरी असलेली मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा-शेवा बंदरातलं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे हे सांगणारी यंत्रणाच आंधळी झाल्यावर क्रेन शाबूत असून काय उपयोग? उरणच्या रस्त्यांना कंटेनर-ट्रेलरची गर्दी नवी नाही, पण या खोळंब्याचं कारण चालकांना समजावून सांगणं सोपं नव्हतं.

मर्स्क सावरली कशी, हे मुळातून पाहण्यासारखं आहे. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे तिचे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची नक्कल सतत ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणाच्या गावी नव्हतं, आणि सगळे एकदम गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. (भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी हे दोनदा वाचावं.) घानातलं इंटरनेट इतकं मंद, की दुरुस्तीचं काम चाललेल्या इंग्लंडला ती प्रत पाठवायला दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाच्या माणसाने नायजेरियाला जाऊन हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने लंडनला पोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये जाहीरपणे सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात होतं. त्याच हल्ल्यात सापडलेल्या मर्क या औषध कंपनीला विमावाले म्हणाले, हे तर युद्ध, पॉलिसीत बसत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मर्कचं म्हणणं मान्य केलं, पण त्यात काही वर्षं गेली.

वर्षभराने पाळी आली पुण्याची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते, स्विच मुख्य यंत्रणेला शिल्लक विचारतो आणि मग नोटा बाहेर येतात. कॉसमॉस या सहकारी बँकेत घुसलेल्या मालवेअरने या वाटेवर एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांच्या विचारणा मुख्य यंत्रणेपर्यंत पोचल्याच नाहीत. खोटा स्विच प्रत्येकाला ‘हो, द्या’ म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी आणि देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी निघाले. नोटा उचलणाऱ्या हातांचा माग कोल्हापूरपर्यंत लागला. सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख, आणि एकाही खातेदाराच्या खात्यातून रुपया वजा नाही, कारण मुख्य यंत्रणेला काही कळलंच नव्हतं. भुर्दंड पडला तो बँकेला.

बँकेने एटीएम आणि नेट बँकिंग बंद केलं, चतुःशृंगी पोलिसांत तक्रार दिली आणि आकडा लपवला नाही. सहकारी बँकेत अफवेने रांगा लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात मात्र या हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये आहे. म्हणजे शिक्षा झाली ती साखळीच्या शेवटच्या कडीला.

मार्च २०१९ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने तर आकडा न लपवणाऱ्या कॉसमॉसच्या मोकळेपणाचीही हद्द गाठली. खंडणी नाकारली, दारांवर ‘संगणक नेटवर्कला जोडू नका’ असे कागद चिकटवले, कारखाने हाताने चालवले आणि पत्रकारांना बोलावून रोजची परिस्थिती सांगितली. आपल्याकडे बहुतेकांची पद्धत अजून वेगळी आहे. औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात टॅलीचा डेटा कुलूपबंद झाला, तर पहिला फोन ओळखीच्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ला जातो, आणि बॅकअप म्हणून काढलेली हार्ड डिस्क त्याच संगणकाला बारा महिने जोडलेली असल्याने तीही गेलेली असते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये असा हल्ला सहा तासांत कळवण्याचा नियम केला खरा, पण नाव खराब होण्याची भीती त्याहून जुनी आहे.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत आणि डिसेंबर २०१९ मध्ये श्रेणीनुसार नियम आणले. छोट्या बँकांना ते झेपावेत म्हणून तंत्रज्ञानाचं काम बाहेर देणं सोयीचं, आणि धोकाही मग तिथूनच येतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय आणि एटीएमचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने वाट न पाहता कंपनीची जोडणीच तोडली. देशभरातल्या सुमारे तीनशे बँकांचे ग्राहक, ज्यांच्या बहुधा हे नावही कानावर पडलं नसेल, यूपीआय आणि एटीएमविना राहिले. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि मगच जोडणी पूर्ववत झाली.