शिकारी कुत्र्याची शाळा केव्हा भरवावी?

सोलापूर, लातूर, सांगली या बाजूच्या माळावर, तसाच सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटकडे, एक उंच, सडसडीत, लांब तोंडाचा कुत्रा दिसतो. पोट आत गेलेले, छाती खोल, पाय हरणासारखे. आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात. कानांवर आणि पायांवर रेशमासारखे लांब केस असले तर पश्मी म्हणतात. पूर्वीच्या मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी या जातीची निगा राखली, म्हणून मुधोळचा कुत्रा हेही नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, तेव्हा त्यांत मुधोळलाही मान मिळाला. अशा जातिवंत जनावराचे पिल्लू घरी आले की पहिला प्रश्न निघतो तो हा, की याला शिकवायला लागायचे केव्हा?

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘अजून लहान आहे, वर्षाचे होऊ द्या, मग बघू.’ दुसरा चौथ्या-पाचव्या महिन्यातच पिल्लाला सायकलच्या किंवा फटफटीच्या मागे दोरीने बांधून पळवायला लागतो. श्रोतेहो, ही दोन्ही उत्तरे घातक आहेत. पहिल्याने कुत्र्याचे मन वाया जाते, दुसऱ्याने त्याचे पाय. मनाची शाळा फार लवकर भरवावी आणि पायांची तालीम बरीच उशिरा सुरू करावी, हेच आजच्या माझ्या भाषणाचे सार आहे. आता त्याची कारणे पाहू.

आधी मनाचा विचार. पिल्लाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते. तेथून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ म्हणजे त्याच्या आयुष्याची पायाभरणी होय. या दिवसांत जे जे ओळखीचे होते ते जन्मभर आपले वाटते. जे भेटत नाही त्याची पुढे धास्ती बसते. अमेरिकेत मेन राज्यात स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेथेच झालेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. कुंपणाच्या आत काही पिल्ले माणसाच्या सहवासावाचून वाढवली आणि निरनिराळ्या वयांत त्यांना माणसाच्या संगतीत आणले. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणसाचा हात लागला नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली.

कारवानी कुत्र्याच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. परक्याचा हात अंगाला लागलेला या जातीला फारसा आवडत नाही. पण अंगची अढी निराळी आणि भित्रेपणा निराळा. तेव्हा पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे. किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला लागते, हा धडा ती भावंडेच देतात. मात्र त्या काळातही घरच्या माणसांनी त्याला रोज उचलावे, त्याचे पंजे, कान, तोंड हाताळावे. घरी आणल्यावर म्हातारी माणसे, पोरे, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज, कुकरची शिट्टी हे सारे हळूहळू ओळखीचे करून द्यावे. लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून रस्त्यावर सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवावे. शेळी-कोंबडीची ओळख या वयात झाली तर बरे, कारण हा कुत्रा पळणाऱ्या वस्तूमागे धावायलाच जन्माला आला आहे.

येथे या जातीचा एक विशेष सांगितला पाहिजे. काही शिकारी कुत्रे नाकाने माग काढतात; जमीन हुंगत, भुंकत तासन्‌तास चालतात. कारवानी त्या पंथातला नव्हे. इंग्लंडचा ग्रेहाउंड, अरबांचा सलुकी यांच्यासारखा तो डोळ्याने शिकार करणारा. दूर काही हलले की त्याची नजर तेथे खिळते आणि तो सुटतो. एकदा सुटला, की धन्याची हाक त्याच्या कानावर पडते न पडते. म्हणून हाकेला येण्याची सवय पाठलागाची गोडी लागण्याच्या आधी लागली पाहिजे. आपण कुत्र्याला बोलावताना ‘यू यू’ म्हणतो आणि अंगावर घालताना ‘छू’ म्हणतो. सगळी शिकवण या दोन शब्दांच्या क्रमात आहे: ‘यू’ आधी, ‘छू’ मागून. ज्याने ‘छू’ आधी शिकवले, त्याचा कुत्रा वाऱ्यासारखा जातो खरा, पण त्याला परत आणायला धन्यालाच माळ तुडवावा लागतो.

दोन ते चार महिने हे वय नाव, हाक आणि पट्टा यांचे. नाव आखूड ठेवावे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफॉन याने शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातही त्याने हाच सल्ला दिला आहे आणि कुत्र्यांच्या आखूड नावांची लांबलचक यादी जोडली आहे. आपले मोती, राजा, वाघ्या याच नियमात बसतात. नावाने हाक मारावी, पिल्लू आले की भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा घास द्यावा, चुचकारावे आणि पुन्हा खेळायला सोडून द्यावे. दर वेळी बोलावून साखळीलाच बांधले, तर येणे म्हणजे अडकणे असा हिशेब ते चटकन मांडते. धडा तीन-चार मिनिटांचाच असावा. दिवसातून चार वेळा झाला तरी चालेल. आणि एक पथ्य कडकडीत पाळावे: हाक मारून जवळ बोलावलेल्या पिल्लाला कधीही मारू नये. कितीही राग आला असला, त्याने चप्पल फाडली असली, तरी नाही. मार बसला तो चपलेसाठी, हे त्याला कळत नाही. धन्याजवळ गेल्याने मार बसला, एवढेच कळते.

चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के दात येतात. तेव्हा चावायला काहीतरी लागतेच. ते आपणच द्यावे. याच वयात तीस-चाळीस फुटांची हलकी दोरी पट्ट्याला बांधून मोकळ्या वावरात हाकेचा सराव करावा. दोरी हिसडण्यासाठी नसते. हाक अंगवळणी पडेपर्यंत पिल्लाला भलत्या दिशेने धूम ठोकता येऊ नये, एवढ्यासाठी ती असते.

आता पायांची गोष्ट. हा कुत्रा भरधाव पळतो तेव्हा त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि उलगडते, आणि एकेका झेपेत दोन वेळा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. म्हणजे प्रत्येक वेळी सारा भार पुन्हा पायांवर येतो. वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचे पट्टे असतात. हाड तेथून वाढते. एवढ्या उंच जातीत ते पट्टे भरून हाड पक्के व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. त्याआधी दोरीला बांधून पळवले, कठीण सडकेवर ताणले, वारंवार झटक्याने वळायला लावले, तर त्या पट्ट्यांना इजा होऊन पाय वाकडा होऊ शकतो. असा कुत्रा जन्माचा लंगडा होतो. शिवाय पिल्लू ‘मी थकलो’ असे सांगत नाही. धन्यामागे ते जीव तोडून धावते.

हे शहाणपण नवे नाही. दुसऱ्या शतकात आरियन या ग्रीक लेखकाने वेगवान पाठलागी कुत्र्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मादीला साधारण अकराव्या महिन्यानंतर धावण्यास न्यावे, पण नराला दोन वर्षांचा होईपर्यंत थांबवावे, कारण त्याचे अवयव उशिरा भरतात, असे त्याने सांगितले आहे. क्ष-किरणांवाचून केवळ निरीक्षणाने त्याने एवढे ताडले होते!

मग वर्षभर पिल्लाने बसून राहायचे काय? मुळीच नाही. मऊ जमिनीवर आपल्या मनाने हुंदडू द्यावे, दमले की थांबू द्यावे. सहाव्या-सातव्या महिन्यापासून काठीला चिंधी बांधून ती सरळ रेषेत थोडी ओढावी. दोन-तीन झेपा झाल्या की धरू द्यावी आणि खेळ संपवावा. गोडी शिल्लक असतानाच थांबणे ही यातली किल्ली. दीड वर्षानंतर अंतर बेताबेताने वाढवावे. पळवायचे ते पहाटे, गारव्याला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. आणि भरल्या पोटी पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्याच्या जठराला पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो.

कोणी विचारील, एवढे शिकवून धावायचे कोणामागे? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या सशामागेसुद्धा कुत्रा घालणे हा गुन्हा ठरला आहे. तो कायदा पाळलाच पाहिजे. पण शिकार गेली म्हणून हा कुत्रा निकामी झाला असे नाही. शेताची आणि वाड्याची राखण तो उत्तम करतो, ओढलेल्या चिंधीमागे त्याच ईर्ष्येने धावतो. २०१६ साली मुधोळची काही पिल्ले लष्कराने मेरठच्या आपल्या केंद्रात शिक्षणासाठी नेली, ती त्याच्या अंगचे गुण पाहूनच.

जुन्या जाती टिकतात त्या तिकिटावरच्या चित्रामुळे नव्हे, तर कोणीतरी दारात एक पिल्लू नीट वाढवतो म्हणून. बुजरा कुत्रा चावतो, लंगडा कुत्रा सोडून दिला जातो, आणि मग लोक म्हणतात की या जातीत आता काही राहिले नाही. दोष जातीचा नसतो. बहुधा पहिल्या तीन महिन्यांतल्या दुर्लक्षाचा आणि पहिल्या वर्षातल्या घाईचा असतो. तेव्हा यंदा ज्यांच्या घरी कारवानीचे पिल्लू येईल, त्यांनी एवढेच करावे: आल्या दिवसापासून त्याला ‘यू’ म्हणून जवळ बोलवावे, आणि ‘छू’ म्हणायला दीड वर्ष कळ काढावी.