कर्ज काढून घर सोडवावे काय?

एप्रिल 2022 अखेर रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 6.50 टक्क्यांवर गेला. रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दराने पैसा पुरविते, तो हा दर. बदलत्या व्याजाची पुष्कळशी गृहकर्जे या दराशी बांधलेली असल्यामुळे ही वाढ थेट घराघरांत उतरली. कित्येकांना तिची चाहूलही लागली नाही, कारण मासिक हप्ता तोच राहिला; लांबली ती मुदत. 2025 मध्ये दर पुन्हा खाली आले खरे, परंतु ते पुढेही केव्हातरी चढतीलच.

हप्ता तोच राहणे हे नेहमीच सुखाचे असते असे नाही. वीस वर्षांच्या मुदतीने 30 लाख रुपये 7 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता 23,259 रुपये पडतो. दर 9.50 टक्के झाला, तर त्याच मुद्दलावर एका महिन्याचे व्याजच 23,750 रुपये होते. म्हणजे हप्ता नेमाने भरूनही देणे वाढतच जावयाचे!

अशा वेळी घरात विचार सुरू होतो की, कोठून तरी दुसरे कर्ज काढावे, बँकेचे देणे एकदाचे मिटवावे आणि घराचे कागद घरी आणावेत. त्यातच कर्ज मिळवून देणारा कोणी दलाल कोष्टक घेऊन येतो. समजा, गृहकर्जापैकी 5 लाख रुपये शिल्लक आहेत, दर 9.50 टक्के आणि मुदत दहा वर्षे. हप्ता 6,470 रुपये. एकूण व्याज सुमारे 2 लाख 76 हजार. दलाल म्हणतो, 13 टक्क्यांनी चार वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्या. हप्ता 13,414 रुपये, आणि व्याज अवघे 1 लाख 44 हजार. दर अधिक असूनही सव्वा लाखाहून अधिक बचत!

आकडे खरे आहेत, तुलना मात्र खोटी आहे. बचत झाली ती नव्या कर्जामुळे नव्हे, दुप्पट हप्ता भरल्यामुळे. तेच 13,414 रुपये दरमहा जुन्याच बँकेत भरले, तर कर्ज 45 व्या महिन्यात संपते आणि व्याज जाते सुमारे 95 हजार. दुप्पट हप्ता देण्याची ऐपत असेल तर दुसऱ्या कर्जाची गरज नाही; आणि ती नसेल तर दुसरे कर्ज पेलणारच नाही.

गावातील पतपेढीकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. व्याज घटत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर, हे आधी विचारावे. पाच वर्षांसाठी मूळ रकमेवर आकारलेले 8 टक्के हे घटत्या शिलकेच्या हिशेबाने सुमारे 14 टक्के होतात. शिवाय तेथे बहुधा जामीनदार लागतात. गृहकर्जात आपले घर गहाण असते. येथे सहकाऱ्याचा पगारही अडकतो, आणि हप्ता चुकला की शिक्षकांच्या खोलीत मान वर करून बसवत नाही.

एका प्रसंगी मात्र कर्ज काढून कर्ज फेडणे योग्य ठरते. दुसरी बँक खरोखरीच कमी दराने गृहकर्ज देत असेल, तर ते तिकडे न्यावे. पण प्रक्रिया शुल्क, वकिलाची फी व मुद्रांक यांचा खर्च हिशेबात धरावा, आणि उरलेली बारा वर्षे पुन्हा वीस होऊ देऊ नयेत. नव्या बँकेचा हप्ता हलका दिसतो तो पुष्कळदा एवढ्याच कारणाने.

व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. हा नियम 2012 पासूनचा आहे. ऑगस्ट 2023 च्या आदेशान्वये दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला मिळावयास हवी. तेव्हा बोनस किंवा थकबाकीची रक्कम हाती आली की ती भरावी, आणि सोबतच्या अर्जात स्पष्ट लिहावे: हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. अर्जाच्या प्रतीवर बँकेची पोच घ्यावी. सर्व फेड झाल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळावयास हवीत. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवशी 5,000 रुपये भरपाई मिळते. नादेय दाखला घेऊन घराच्या उताऱ्यावरील बोजाही त्याच वेळी कमी करून घ्यावा.