ऊब येते कुठून?

नॉर्वेमध्ये 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ 89 टक्के निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. देशाचा उत्तरेकडचा मोठा पट्टा आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे, आणि आतल्या भागात जानेवारीत पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालत नाही, असं आपल्याकडे अजूनही ठासून सांगितलं जातं. ती चालते. मात्र ती कशी चालते, कुठे अडते आणि मालकाला रोज काय सांभाळावं लागतं हे समजून घ्यायचं असेल, तर मोठ्या बॅटरीच्या महागड्या गाड्या बाजूला ठेवून छोट्या गाडीकडेच पाहायला हवं. थंडीचा खरा हिशेब तिथेच दिसतो.

निसान लीफ ही त्यासाठी चांगली गाडी. 2018 साली नॉर्वेत सगळ्यांत जास्त खपलेली नवी मोटार हीच होती, आणि तिच्या पहिल्या पिढीतल्या अनेक गाड्या त्याआधीच तिथल्या रस्त्यांवर पळत होत्या. त्या जुन्या लीफमध्ये 24 युनिटची बॅटरी होती. आपल्या वीजबिलावर असतं तेच हे युनिट. अमेरिकी सरकारी चाचणीनुसार ती एका चार्जवर सुमारे 117 किलोमीटर जाई. हिवाळ्यात यातले किती उरतात, हा तिच्या प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2019 साली पाच इलेक्ट्रिक गाड्यांवर एक चाचणी केली. लीफही त्यांत होती. उणे सात अंशांत, हीटर बंद ठेवून गाड्या चालवल्या तेव्हा रेंज सरासरी 12 टक्क्यांनी घटली. त्याच थंडीत हीटर लावला तेव्हा घट 41 टक्क्यांवर गेली. मला हे दोन आकडे फार बोलके वाटतात. थंडीने बॅटरी ‘मरते’ ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही. रेंजचा मोठा लचका तोडतो तो माणसाला लागणारी ऊब.

पेट्रोलच्या गाडीत ही ऊब फुकट मिळते, म्हणून तिचा कुणी विचारच करत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाव-एक भाग चाकांना देतं आणि बाकीची उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकतं. हिवाळ्यात त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी आत वळवली की गाडी उबदार. विजेची मोटर दिलेल्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लावते, तिच्याकडे वाया घालवायला उष्णताच नसते. त्यामुळे ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, आणि जुन्या लीफच्या 24 युनिटमध्ये असते तीन लिटर पेट्रोलपेक्षाही कमी ऊर्जा. तेवढ्या तुटपुंज्या साठ्यातून गाडीही पळवायची आणि माणसंही शेकायची.

यात एक गोष्ट नवख्या मालकाच्या लवकर लक्षात येत नाही. मोटर किलोमीटरवर वीज खाते, हीटर घड्याळावर. धरा, बाहेर उणे दहा अंश आहेत आणि हीटर सरासरी तीन किलोवॅट ओढतो आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने शंभर किलोमीटर गेलात तर हीटरने पाच युनिट खाल्ली. त्याच शंभर किलोमीटरला बर्फामुळे तुंबलेल्या वाहतुकीत ताशी 20 चा वेग मिळाला, तर हीटरची पंधरा युनिट होतात, म्हणजे जवळपास गाडी ओढायला लागतात तेवढीच. एरवी शहरातली संथ वाहतूक इलेक्ट्रिक गाडीला मानवते, हिवाळ्यात मात्र तीच महागात पडते. छोट्या फेऱ्यांचंही तसंच. दर वेळी थंडगार पडलेली केबिन नव्याने तापवायची, आणि ती तापते तोवर दुकान येतं.

मग हीटर बंद करून कोट-टोपी घालून बसलं तर? काही जण तसं करून पाहतात. श्वासातली वाफ समोरच्या काचेवर आतून धरते आणि उणे दहात तिथेच गोठते, म्हणजे रस्ता दिसेनासा होतो. ही काटकसर अजिबात करू नये. शहाणपणाचा मार्ग सीटच्या हीटरचा. पाठीला आणि मांड्यांना थेट ऊब द्यायला शंभर वॉटच्या आतबाहेर वीज पुरते, केबिनमधली सगळी हवा तापवायला काही हजार वॉट लागतात. ब्लोअर काचेपुरता, बाकी सीट आणि स्टिअरिंग गरम, असा बेत बहुतेक जुने मालक ठरवून टाकतात.

पुढच्या गाड्यांत हीट पंप आला. तो म्हणजे उलटा चालवलेला एसी: बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत सोडतो. फ्रिजच्या मागे हात लावला की जी उष्णता जाणवते, ती आतल्या भाज्यांतून काढलेली असते, तसंच हे. एक युनिट वीज खर्चून दोन-तीन युनिट उष्णता मिळते. पारा फार खाली गेला की हा फायदा आटत जातो, पण ऑस्लोसारख्या शहरातल्या बऱ्याचशा हिवाळ्यात तो चांगला कामी येतो.

आता बॅटरीबद्दल. थंडीत तिच्यातलं इलेक्ट्रोलाइट घट्ट होतं, लिथियमचे आयन संथ सरकतात, आतला रोध वाढतो. गाडी चालवताना याचा त्रास मर्यादित असतो. खरी अडचण चार्जिंगच्या वेळी येते. चार्ज होताना आयनांना ग्राफाईटच्या थरांत शिरावं लागतं. शून्याखाली हे शिरणं इतकं मंदावतं की जोर लावला तर ते आत जाण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. असं बसलेलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून गाडीची नियंत्रण यंत्रणा स्वतःच करंट कमी करते आणि पन्नास किलोवॅटच्या फास्ट चार्जरवरही गाडी रेंगाळत भरते. जानेवारी 2024 च्या कडाक्यात शिकागोत चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, त्यामागे बॅटरी आधी न तापवता चार्जरला लावणं हे एक मोठं कारण होतं.

याच कारणाने सकाळी घरून निघताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी रोजच्यासारखी आवरत नाही. ब्रेकची ऊर्जा परत घ्यायला गार बॅटरी तयार नसते. निसरड्या उतारावर हे आधी माहीत असलेलं बरं.

ज्यांना ही गाडी वर्षानुवर्षं सांभाळायची आहे, ते तीन गोष्टी अंगवळणी पाडतात. संध्याकाळी घरी आल्या आल्या गाडी प्लगला लावायची, कारण तेव्हा बॅटरी अजून कोमट असते. जवळपास तीनशे किलोचा तो गठ्ठा थंड व्हायला कित्येक तास घेतो. सकाळी निघायच्या वीस मिनिटं आधी, प्लग लावलेलाच असताना, गाडी आतून तापवायची. मग सुरुवातीची सगळ्यांत महागडी ऊब घरच्या विजेवर येते आणि बॅटरी भरलेली राहते. तिसरं, बॉनेटखालच्या 12 व्होल्टच्या साध्या बॅटरीकडे लक्ष ठेवायचं. ती बसली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

रात्री गाडी प्लगला लावणं उत्तरेकडच्या लोकांना नवं नव्हतं. फिनलंडमध्ये इमारतींच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपुढे सॉकेटचा खांब असणं ही जुनीच पद्धत: पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला पहाटे ऊब देण्यासाठी. थंड इंजिनही जास्त इंधन पितं. अमेरिकी सरकारची आकडेवारी सांगते की उणे सात अंशांत शहरात पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण 15 टक्क्यांनी, आणि अगदी छोट्या फेऱ्यांत 24 टक्क्यांपर्यंत घसरतं.

नॉर्वेने हे सगळं लीफच्याही आधी, फार छोट्या गाड्यांवर शिकून घेतलं. 1989 मध्ये ‘आ-हा’ या पॉप बँडचे मॉर्टन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, पर्यावरणवादी फ्रेडरिक हाउगे यांच्यासह विजेवर चालणारी फियाट पांडा घेऊन टोल न भरता फिरले. दंड होत राहिले, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली. 1997 पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. पुढे ‘थिंक सिटी’ ही नॉर्वेचीच छोटी गाडी आली. तिच्या एका प्रकारात सोडियमची अशी बॅटरी होती, जी आतून अडीचशे अंशांहून जास्त तापलेली ठेवावी लागे. बाहेरच्या थंडीचं तिला काहीच नव्हतं, पण गाडी काही दिवस प्लगविना राहिली तर स्वतःला तापवण्यातच ती रिकामी होई. बंगळूरुत जन्मलेली, पुढे 2010 मध्ये मुंबईच्या महिंद्राकडे गेलेली ‘रेवा’ही याच रस्त्यांवर विकली गेली.

थंडीने घटलेली रेंज वसंतात परत येते. उष्णतेने गेलेली क्षमता परत येत नाही. 2012 मध्ये ॲरिझोनाच्या उकाड्यात पहिल्या लीफ गाड्यांच्या बॅटऱ्या झपाट्याने कमजोर झाल्या, कारण त्यांना थंड करायची व्यवस्थाच नव्हती. नागपूर-चंद्रपूरच्या मेमध्ये गाडी वापरणाऱ्याने म्हणूनच रेंजच्या आकड्याआधी बॅटरीच्या कूलिंगची चौकशी करावी. आणि पुण्या-मुंबईहून इलेक्ट्रिक गाडी लडाखला न्यायची असेल, तर एवढं ध्यानात ठेवावं: आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतली लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी थंडीत चार्ज व्हायला इतरांपेक्षाही कुरकुरते. वरच्या मुक्कामांवर ऐन उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याजवळ येतो. चार्जिंग सकाळवर न टाकता पोचल्याबरोबर सुरू करावं.