बैठकीतला कापूस आणि दारचा पाहुणा

घराचा नीटनेटकेपणा हा आपल्याकडे गृहिणीच्या गुणावगुणांचा विषय समजला जातो. पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की त्याची नजर आधी कोपऱ्यांकडे वळते, आणि तेथील पसाऱ्यावरून तो घरातील बाईची परीक्षा करतो. पुरुषाची करीत नाही. शहरांतून या परीक्षेत थोडेफार तथ्य असेलही. तेथील पसारा बहुधा जुन्या वर्तमानपत्रांचा, न वापरलेल्या भांड्यांचा आणि टाकवत नाहीत अशा वस्तूंचा असतो. परंतु जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावी दिवाळीपासून वैशाखापर्यंत जी बैठकीची खोली भरलेली दिसते, ती आळसाने भरलेली नसते. ती कापसाने भरलेली असते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. बायांनी वेचलेला कापूस गाठोड्यांतून घरी येतो आणि ज्या खोलीला बाहेरून दार आहे, वारा आहे आणि जी रात्री कुलूपबंद करता येते, त्या खोलीत ओतला जातो. घरात अशी खोली एकच असते आणि पाहुण्यांची बैठकही तीच. प्रथम कापूस एका भिंतीला टेकतो, मग खिडकी झाकतो, मग खुंटीवरच्या कपड्यांपर्यंत चढतो. मुलांच्या अभ्यासाची वही आणि म्हाताऱ्यांची वळकटी पुढे पुढे सरकत दारापर्यंत येते. राजूरच्या गणपतीला निघालेला एखादा आप्त अवचित दाराशी उभा राहिला, की ‘पाव्हणं, इकडं बाजंवर बसा’ असे म्हणत ओसरीवर किंवा अंगणात बाज टाकली जाते. उन्हात बसलेला पाहुणा अवघडतो, उभा असलेला यजमान त्याहून अधिक अवघडतो, आणि आत चहाचे आधण ठेवणारी घरधनीण मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागत असते. या तिघांपैकी कोणाचाही या अडचणीत दोष नसतो.

पूर्वीच्या घरांत असे होत नसे, याचे कारण पूर्वीच्या बायका अधिक टापटिपीच्या होत्या हे नव्हे. मराठवाड्यातील जुन्या माळवदी घराच्या रचनेतच साठवणीची सोय होती. भिंतीच्या पोटात बळद असे, जमिनीखाली पेव असे, माजघरात कणगी आणि उतरंड असे. वर्षाचे धान्य घरातच राही, पण पाहुण्याच्या दृष्टीस पडत नसे. त्याच्यासाठी दाराशीच ढाळज होती आणि तेथे लोड-सतरंजीखेरीज काही ठेवण्याची गरज नव्हती. घर नेटके दिसे, कारण पसाऱ्याला लपायला जागा होती. ही सोय अर्थातच ज्यांचे वाडे होते त्यांची. एकखणी घरात राहणाऱ्याला ढाळज तेव्हाही नव्हती, हे विसरून जुन्या घरांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरीही हे घर ज्वारी-बाजरीच्या अर्थव्यवस्थेचे होते. कापूस बळदात कोंडता येत नाही आणि पेवात पुरता येत नाही. पीक नगदी झाले, पण घर पूर्वीइतकेच राहिले. आणि वाटण्या होत गेल्या तसे तेवढेही राहिले नाही.

कापूस घरात थांबून राहणे हे तसे नवे नाही. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हाही खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागत आणि नंबर येईपर्यंत माल दारात राही. मात्र त्या वेळी शेतकरी आपल्या पाळीची वाट पाहत असे. आज तो भावाची वाट पाहतो. पाळी कधीतरी येतेच. भावाचे तसे नाही.

२०२२-२३ च्या हंगामाने हे फार कठोरपणे दाखवून दिले. आदल्या वर्षी कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वर मजल मारली होती. तो आकडा डोळ्यांपुढे ठेवून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील शेतकऱ्यांनी नवा माल घरात दाबून धरला. आरंभी आठ-नऊ हजारांच्या घरात असलेला भाव मे महिन्यापर्यंत सात-साडेसात हजारांवर उतरला. त्या वर्षीची आधारभूत किंमत मध्यम धाग्याला ६,०८० आणि लांब धाग्याला ६,३८० रुपये होती, म्हणजे कागदोपत्री शेतकरी तोट्यात नव्हता. घरात मात्र सहा-सात महिने पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळा तापू लागला तसा साठविलेल्या कापसातील किडींमुळे अंगाला खाज सुटत असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून वृत्तपत्रांत येऊ लागल्या. गुलाबी बोंडअळीही अशा साठ्यातूनच पुढील हंगामाला तग धरते, म्हणून कापूस घरात ठेवू नये असे कृषितज्ज्ञ सांगत होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. तो मग कोठे ठेवावा, एवढेच सांगावयाचे राहून गेले.

नेमक्या याच दिवसांत पाहुणे येतात. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, शाळांना सुट्ट्या लागून भाचरे येतात, लग्नसराई असते. माहेरी आलेल्या लेकीचे तान्हे मूल रात्रभर अंग खाजवीत रडते, आणि दुसऱ्या दिवशी ती काही निमित्त काढून लवकर परतते. निमित्त खोटे आहे हे आईलाही कळते, पण दोघीही त्याविषयी बोलत नाहीत. स्थळ पाहावयास आलेल्या मंडळींची गोष्ट आणखी नाजूक. डिसेंबरात, भाव तेजीत असताना, त्यांनी हाच ढीग पाहिला असता तर ‘घर भरलेले आहे’ असे कौतुकाने म्हटले असते. मे महिन्यात त्याच ढिगाकडे पाहून माणसे विचारात पडतात. एवढा माल अजून घरात का, देणेकऱ्यांचे काय, अशी कुजबुज सुरू होते. ढीग तोच, खोली तीच, गृहिणीचा हातही तोच. डिसेंबरातले वैभव वैशाखात पसारा ठरते ते बाजारभावामुळे.

परंतु या घराकडे सर्वांत बारकाईने पाहणारा पाहुणा आप्तांपैकी नसतो. खेडा खरेदीचा व्यापारी किंवा त्याचा माणूस दारी येतो, तेव्हा त्यालाही बाज दिली जाते, पाणी दिले जाते, चहा होतो. अतिथीला देव मानण्याच्या परंपरेतून त्याला वगळलेले नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस उजेडात धरतो, ओल पाहतो, पिवळेपणा पाहतो. मात्र त्याची खरी पाहणी त्यापूर्वीच झालेली असते. वळकट्या ओसरीवर आल्या आहेत, धान्याची पोती चुलीजवळ सरकली आहेत, दाराला लग्नाचा रंग लागतो आहे आणि बैठक अजून मोकळी झालेली नाही, हे त्याने चहाचा पहिला घोट घेताघेताच टिपलेले असते. विक्रेता आणखी किती दिवस थांबू शकेल हे ज्याला कळले, त्याला भाव ठरविणे सोपे जाते. शेतकरी तोंडाने कितीही ठामपणे ‘परवडत नाही’ म्हणाला, तरी त्याचे घर त्याच्याविरुद्ध साक्ष देत असते. ‘बैठक तर रिकामी करावीच लागेल ना’ असे व्यापारी सहज बोलल्यासारखे बोलतो, आणि क्विंटलमागे काही रुपये तेथेच गळतात. वाळून झालेली वजनातील घट आणि ठिणगीची कायमची धास्ती हा साठवणीचा खर्च कोणीतरी मांडील. पाहुण्यासमोर उघड्या पडलेल्या गरजेचा खर्च मात्र कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

प्रतिष्ठेसाठी केलेल्या खर्चाचे मर्म थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये सांगितले. त्याच्या दृष्टीने पाहिले तर सदैव रिकामी ठेवलेली दिवाणखान्याची खोली हीच एक मोठी चैन ठरते. ज्याच्या मालाची चिंता दुसऱ्याचे गोदाम वाहते, त्यालाच ती परवडते.

शासनाच्या डोळ्यांपुढेही शेतकऱ्याचे घर म्हणून जे चित्र आहे, ते निजण्याच्या आणि शिजविण्याच्या जागेचे. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतील घर २० चौरस मीटरांचे होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान क्षेत्र २५ चौरस मीटर झाले. पाच चौरस मीटरांची ही वाढ स्वागतार्हच. पण ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदाच आणि तेही गाठोड्यांनी घरात येते, त्याच्या पिकाला या आराखड्यात कोपरा नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने अनेक गावांचे रस्ते झाडले, गटारे वाहती केली. उंबऱ्याच्या आतील अडचण झाडूने सुटण्यासारखी नव्हती. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे, आणि गोदामात माल ठेवून त्यावर उचल घेण्याची तिची कल्पना उत्तम आहे. तिचा भर धान्ये, कडधान्ये आणि तेलबियांवर राहिला. सुटा कापूस जागा फार अडवितो आणि आगीला झटकन बळी पडतो, म्हणून गोदामवाला त्याला बिचकतो. ज्या मालाला गोदामवाला बिचकतो तो माल लेकराबाळांच्या उशाशी ठेवला जातो, याचे कोणाला फारसे वाटत नाही. गावाने मिळून बांधलेली पत्र्याची एक कोरडी शेड, तिच्यात प्रत्येकाचा वेगळा कप्पा आणि त्या मालाचा विमा, एवढ्यानेही पुष्कळ घरांच्या बैठकी मोकळ्या होतील. मग व्यापाऱ्याला चहा पिताना पाहण्यासारखे काही उरणार नाही.

तूर्त मालाचा टेम्पो दाराशी लागतो आणि दोन तासांत खोली रिकामी होते. घरधनीण खराटा घेऊन आत जाते. गिलाव्याच्या खडबडीत भिंतींना कापसाचे तंतू चिकटून राहिलेले असतात, ते ओल्या फडक्याने पुसूनही निघत नाहीत. सतरंजी अंथरली जाते, खिडकी उघडते, आणि माहेरहून परतलेल्या लेकीला फोन होतो, की आता चार दिवस ये, जागा झाली. शाळा आठवड्यावर आल्या आहेत, असे ती सांगते.