लग्नाची डीव्हीडी का अडकते

१९८० च्या दशकात पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनने तोशिबाच्या तंत्रज्ञानावर रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली आणि औरंगाबादच्या बऱ्याच दिवाणखान्यांत आपल्याच गावचा टीव्ही येऊन बसला. त्याच तोशिबाने नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिला डीव्हीडी प्लेअर विक्रीला आणला. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही चकती मराठवाड्यातल्या लग्नघरांतही पोहोचली. लग्नाची कॅसेट गेली, लग्नाची डीव्हीडी आली आणि तिच्यासोबत शहरातल्या स्टुडिओंमध्ये एक कारागिरी आली. तिला कोणी कारागिरी म्हटलं नाही. गिऱ्हाईक सांगायचं, ‘एक कॉपी मारून द्या.’ काम मात्र कॉपी मारण्याचं नव्हतंच.

कॅमेऱ्यातून आलेलं चित्रण चकतीवर जसंच्या तसं मावत नाही. मिनी डीव्ही कॅसेटवरचं एका तासाचं चित्रण संगणकावर घेतलं की साधारण १३ जीबी होतं. साध्या डीव्हीडीवर जागा ४.७ जीबी. म्हणजे ते एमपेग-२ या पद्धतीने दाबून बसवावं लागतं, आणि किती दाबायचं हे साध्या भागाकाराने ठरतं. दोन तासांचं लग्न असेल तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. तीन तासांचं असेल तर जेमतेम ३.५. ‘सगळं एकाच डिस्कमध्ये बसवा’ हा गिऱ्हाइकाचा आग्रह होता आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे होतं.

मुहूर्ताचा क्षण घ्या. एमपेग-२ जागा वाचवतं ते एका युक्तीने: साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच पूर्ण चित्र साठवायचं, मधल्या चित्रांत फक्त बदललेला भाग ठेवायचा. नवरदेव पाटावर शांत उभा आहे, मागचा पडदा स्थिर आहे, तोवर हे छान चालतं. मग मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि शेकडो अक्षता एकाच वेळी हवेत उडतात. चित्राचा प्रत्येक कोपरा बदलू लागतो आणि दाबणाऱ्या यंत्राकडे तेवढी शिल्लक नसते. मग चेहऱ्यांवर चौकोन पडतात. ज्या दोन-चार सेकंदांसाठी सगळा खर्च झाला, नेमके तेच खराब होतात. वरातीतली लुकलुकणारी रोषणाई आणि हळदीतली उधळण यांचंही तेच.

जाणकार मिक्सिंगवाला यावर ‘टू पास’ वापरायचा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर नुसतं पाहतं, कुठे हालचाल जास्त आहे याची नोंद घेतं. दुसऱ्या फेरीत शांत पंगतीतली जागा काढून अक्षतांना देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि लग्नसराईत तो कोणाकडेच नसतो, हे मान्य. तरी ज्यांनी तो दिला त्यांच्या चकत्या आज लावल्या की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आवाजातही जागा जाते, हे फार थोड्यांच्या लक्षात येई. न दाबलेला स्टिरिओ आवाज सेकंदाला १.५ मेगाबिट खातो. तीन तासांच्या चकतीत जवळजवळ ४४ टक्के जागा सनई आणि गोंगाटालाच गेली म्हणायची. डॉल्बी पद्धतीने तोच आवाज १९२ किलोबिटमध्ये चांगला बसतो. आवाजाचा दुसरा दोष जास्त छळतो: सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, तासाभराने ‘सावधान’ आधी ऐकू येतं आणि भटजींचं तोंड नंतर हलतं. डीव्हीडीला आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने लागतात, गाण्यांच्या सीडीवर ते ४४,१०० असतात. ही बदली नीट झाली नाही की घोटाळा होतो. मोबाइलवरच्या चित्रणाने त्यात भर घातली. मोबाइल उजेडाप्रमाणे चित्रांचा वेग कमी-जास्त करतो, डीव्हीडी मात्र ठरलेल्या वेगाशिवाय चालत नाही. म्हणून आधी पूर्ण फाइल एका स्थिर वेगावर आणायची, मगच डीव्हीडीचं काम सुरू करायचं. हा क्रम उलटला की आवाज सरकतोच.

आपल्याकडचा वेग आहे सेकंदाला २५ चित्रं, आकार ७२० बाय ५७६. ही पॅल पद्धत. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीवर. अमेरिकेची एनटीएससी वेगळी: २९.९७ चित्रं, ७२० बाय ४८०. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, अमेरिकेतले अनेक पॅल नाकारतात. त्यामुळे सिडकोतल्या आईवडिलांनी हौसेने न्यू जर्सीला पाठवलेली डीव्हीडी तिकडे उघडत नाही आणि दोष ‘रीजन कोड’वर ढकलला जातो. घरी केलेल्या चकतीवर रीजनचं बंधन सहसा नसतंच. अडचण पॅलची असते. तीच चकती संगणकावर बिनतक्रार चालते.

चित्र थरथरण्याचा दोष मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. जुन्या पद्धतीत एक चित्र दोन अर्ध्या भागांत उतरतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. मिनी डीव्हीत खालची ओळ आधी येते, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांत बहुधा वरची. लग्नाला दोन वेगळे कॅमेरे होते आणि मिक्सिंग करताना हा क्रम सांभाळला नाही, तर नवरी चालताना पुढे-मागे हिसके खाते. काचेच्या जाड टीव्हीवर, म्हणजे चितेगावात बनलेल्या पिढीच्या पडद्यावर, दोन्ही ओळी आपापल्या वेळी उमटत. त्यामुळे क्रम बरोबर असेल तर चित्र गुळगुळीत दिसे. आजच्या सपाट पडद्यावर तीच चकती लावली की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. तिथे चूक स्टुडिओची असेलच असं नाही, पडदा बदलला आहे. त्या जुन्या टीव्हीची आणखी एक खोड होती: तो चित्राच्या चारही कडा थोड्या झाकायचा. ज्यांना हे ठाऊक होतं ते ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ ही नावं कडेपासून आत घ्यायचे. ज्यांना नव्हतं, त्यांच्या चकतीत वधूचं आडनाव अर्धं कापलं गेलं.

बाकीच्या अडचणी लहान, पण रोजच्या. एमपी४ फाइल नुसती चकतीवर टाकली तर ती व्हिडिओ डीव्हीडी होत नाही, तिला व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि त्यातल्या व्हीओबी, आयएफओ फाइल लागतात. रेकॉर्डरवर केलेली चकती ‘फायनलाइज’ केली नाही तर दुसरीकडे चालत नाही. सर्वाधिक वेगाने राइट केली तर जुना प्लेअर मध्येच अडकतो. कागदी स्टिकर जरा वाकडं लागलं की फिरताना तोल जातो. हे काम आजही घरी करता येतं. डीव्हीडीस्टायलर मोफत आहे आणि एफएफएमपेगमध्ये ‘पॅल-डीव्हीडी’ एवढं लक्ष्य दिलं की आकार, वेग, आवाज सगळं ते स्वतः बसवतं.

व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. नव्या लॅपटॉपला चकतीची खाच राहिली नाही. आता काम उलट दिशेने आहे, कपाटातल्या चकत्या वाचवायचं. घरी राइट केलेल्या डीव्हीडीत मजकूर सेंद्रिय रंगाच्या थरात असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्याला मारक. मराठवाड्याचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा एक विनंती. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह कोणाकडून तरी मागून आणा आणि पूर्ण चकती जशी आहे तशी हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीओबी फाइल साधारण एक-एक जीबीच्या तुकड्यांत असतात. पहिलीच घेतली तर लग्न अर्ध्यावर तुटेल, म्हणून सगळं फोल्डर घ्या. मोबाइलवर पाहण्यासाठी वेगळी लहान फाइल करा, पण मूळ एमपेग-२ पुसू नका. ती आधीच एकदा दाबलेली आहे, पुन्हा दाबली की अक्षतांचे चौकोन वाढतात. मिक्सिंगवाल्याकडे अजून मूळ मिनी डीव्ही कॅसेट असेल तर आधी ती मागा, कारण डीव्हीडीत उतरण्याआधीचं चित्र फक्त तिच्यातच आहे.